पऱ्हाटीची फरदड घ्यायच्या आधी हे वाचा

डिसेंबर लागला की हिंगणा, काटोल, नरखेडकडून एकच प्रश्न येते, भाऊ पऱ्हाटीला (कपाशीला) अजून पाती (फुलाच्या कळ्या) येऊन राहिली, एक पाणी देऊन फरदड (हंगाम संपल्यावरही ठेवलेलं पीक) घेऊ का? नका घेऊ.

काऊन ते सांगतो, फरदड ठेवली की कापूस पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीला बस्तान मिळते. दिवस लहान झाले, थंडी पडली की गुलाबी बोंडअळीच्या शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या लगेच कोषात जातच नाहीत, दोन सरक्या धाग्यानं जोडून आतच झोपून राहतात. वेचलेल्या कापसातली अशी जोडसरकी नखानं उकलून पाहा, आत अळी मुटकुळं करून बसलेली दिसल. तिला खायला काहीच लागत नाही, चरबी आधीच साठवलेली असते.

लोक म्हणतात मे मधलं ४५ डिग्री ऊन तिला भाजून काढल. एवढं सोपं नाही. उष्णतेनं पेशीतली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात, पण कीटकाच्या पेशी त्याच वेळी हीट शॉक प्रोटीन बनवतात, ते बिघडणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते. वरून सरकीचं कवच अन् धुऱ्यावरच्या पऱ्हाटीच्या ढिगाची सावली, म्हणजे आपणच तिला घर बांधून देतो.

औषधाचंही तसंच, अळीच्या पेशीत विष तोडणारे एन्झाइम असतात. आपण म्हणतो अळीला सवय लागली, पण सवय-बिवय काही नाही, ज्यांचे एन्झाइम आधीच तगडे त्या वाचतात अन् पुढची पिढी त्यांचीच. बीटी कपाशीच्या झाडात अळी मारायला जे विष असते, ते आतड्यातल्या पेशीवरच्या ज्या खुंटीला अडकायचं ती खुंटीच काही अळ्यांत बदललेली निघाली, अन् २०१७ ला विदर्भात बोंडअळीनं कापसाचं काय केलं ते सगळ्यांनी पाह्यलं. मी स्वतः त्या वर्षी एकाच गटाचं (म्हणजे अळीला एकाच पद्धतीनं मारणारं) औषध वेगवेगळ्या नावानं तीनदा मारलं, डबा पाहिला पण गट वाचलाच नाही.

तर शेवटचा वेचा डिसेंबरातच आटपा, मग वावरात शेळ्या-ढोरं सोडा, उरलेली बोंडं ते खाऊन टाकतात (नुकतंच औषध मारलं असल तर नका सोडू). पऱ्हाटी उपटून श्रेडरनं बारीक करा, धुऱ्यावर रचून ठेवू नका. उन्हाळ्यात खोल नांगरटी, उघडी पडलेली अळी ऊन अन् पाखरं दोघंही सोडत नाहीत. अन् मे मधे धूळपेरणी (पावसाआधी कोरड्यात पेरणी) नको, लवकर निघालेल्या पतंगाला तेव्हा पाती-फूल सापडलं नाही तर त्याची पिल्लं जगत नाहीत.

पुढच्या हंगामात एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग ३ रात्री सापळ्यात ८-८ पतंग आले किंवा २० हिरवी बोंडं फोडून २ मधे अळी निघाली तरच फवारा, अन् दर वेळी डब्यावरचा गट बदलून.