वळवाआधी घराचे आणि गोठ्याचे पत्रे आवळून घ्या

गुढीपाडवा झाला की कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्यापासून गडहिंग्लजपर्यंत दुपारभर रणरणतं ऊन पडतं आणि चारच्या पुढं आभाळ भरून येतं. वळवाचा पाऊस खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्याला, हवाच असतो. पण पावसाच्या आधी जो सोसाट्याचा वारा सुटतो, तो दहा-पंधरा मिनिटांत गोठ्याचे पत्रे उसाच्या फडात नेऊन टाकतो. हे बऱ्याच अंशी टाळता येतं, आणि त्याची वेळ आत्ताची आहे.

आधी एक समजून घ्या. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. वरून वेगानं जाणारा वारा पत्रा ओढतो आणि आत शिरलेला वारा खालून रेटतो. ताशी ६० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो असतो. ताशी ९० ला तो ३८ किलोवर जातो. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा मात्र चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या छपराचे पत्रे चाळीस किलोच्या आत आणि ९० च्या वाऱ्याचा रेटा साडेतीनशे किलोंच्या घरात. कडेला आणि कोपऱ्यांना ओढ याहून जास्त बसते. पत्र्यावर दगड, वाळूची पोती, जुने टायर ठेवून हा हिशोब जुळत नाही. उलट पत्रा हलला की तेच दगड खाली माणसांवर, जनावरांवर येतात. ते काढून टाका.

आपल्याकडं बहुतेक गोठ्यांची पाठ पश्चिमेला असते, कारण पावसाळी वारा तिकडून येतो. वळवाचं तसं नाही. तो कुठूनही येतो आणि गोठ्याच्या उघड्या तोंडातून आत घुसला की त्याला बाहेर पडायला वाटच नसते. तीन बाजू बंद आणि एक उघडी, ही रचना छपरासाठी सगळ्यात वाईट. मागच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोके ठेवा. वाऱ्याला वाट मिळते आणि म्हशींना उन्हाळ्यात हवाही.

आता खरं काम. पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पाइपला), पर्लिन कैचीला (छपराच्या तिकोनी सांगाड्याला), कैची खांबाला किंवा भिंतीला आणि खांब जमिनीला, यातला एक जोड जरी कच्चा असला तरी छप्पर तिथून सुटतं. बऱ्याच ठिकाणी पत्रे चांगले आवळलेले असतात, पण पाइप भिंतीवर नुसता टेकवून वर दोन विटा आणि सिमेंटचा गोळा थापलेला असतो. अशा वेळी पत्र्यांसकट अख्खा सांगाडा उडतो. पाइपवरून लोखंडी पट्टी घेऊन ती भिंतीवर दोन-तीन फूट खाली उतरवा आणि आरपार बोल्टनं आवळा. खांबांचंही तसंच. फूटभर खड्ड्यात माती दाबून उभा केलेला खांब ओल्या जमिनीतून सहज उपटतो. दीड बाय दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरलं, तर प्रत्येक खांबाला तीनशे किलोंहून जास्त वजन मिळतं.

पत्र्यांवर गंजलेले जे-हुक आणि फाटलेले वायसर बदला. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरच मारा. खोलगट भागात मारला की तिथून पाणी गळतं. मधल्या ओळींत थोडं अंतर चालेल, पण वळचणीला, आढ्याजवळ आणि दोन्ही टोकांना एकाआड एक उंचवट्यावर स्क्रू हवाच, कारण पत्रा उचकटायला सुरुवात कडेनंच होते. वळचण भिंतीबाहेर फूट-दीड फुटापेक्षा जास्त मोकळी सोडू नका. जास्त सावली हवी असेल तर पडवीचं छप्पर वेगळं करा, म्हणजे ते गेलं तरी घराचं राहील.

राधानगरी, आजरा, चंदगडकडच्या कौलारू घरांत सगळी कौलं बांधायची गरज नाही. वळचणीच्या पहिल्या दोन ओळी आणि दोन्ही कडांची कौलं तारेनं रिपांना बांधा. आढ्यावरचा चुना-सिमेंट निघाला असेल तर भरून घ्या.

सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नका. तो न कुरकुरता फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. आडवी फळी टाकून तिच्यावरूनच फिरा. भोक ठोकून पाडू नका, ड्रिलनं पाडा. वर चढण्याआधी मेन स्विच बंद, खाली एक माणूस उभा, आणि काम सकाळीच.

छपरावर झुकलेला शेवगा, नारळाच्या वाळलेल्या झावळ्या आताच उतरवा. वारा सुटल्यावर वाऱ्याच्या अंगाची दारं-खिडक्या बंद करा, जनावरांचं दावं पटकन सुटेल असं बांधा. सुटलेला पत्रा हातानं धरायला कुणीही जाऊ नये. म्हातारी माणसं घाईनं पुढं होतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. विजेचा इशारा आधी मिळावा म्हणून मोबाइलमध्ये दामिनी ॲप घ्या.

एवढं करूनही नुकसान झालंच, तर मोडलेलं उचलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तलाठ्यांना त्याच दिवशी कळवा आणि पंचनाम्यात घराबरोबर गोठ्याची नोंद वेगळी झाली का ते स्वतः वाचून पाहा.