ताजी काकडी: निवडताना, ठेवताना आणि वापरताना या चुका टाळा

शेतमाल टिकवण्याच्या दोन पद्धती नाशिककरांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहात ठेवायची आणि कांदा कोरड्या, हवेशीर चाळीत भरायचा. काकडीला मात्र यांपैकी एकही पद्धत मानवत नाही. काकडी हे कोवळेपणीच तोडले जाणारे फळ असून तिच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते. तोडल्यानंतर ती पिकून गोड होत नाही. ती सुकते, पिवळी पडते किंवा सडते. त्यामुळे ताज्या काकडीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका तिला टिकाऊ माल समजण्यातून होतात.

पहिली चूक बाजारातच होते. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा घराजवळच्या हातगाडीवर काकड्यांवर पाणी मारलेले असते आणि त्या तकाकीलाच आपण ताजेपणा समजतो. ओल्या सालीवरून काहीच कळत नाही. म्हणून काकडी हातात घेऊन आधी तिची दोन्ही टोके अंगठ्याने हलकेच दाबून पाहावीत, कारण नरमपणा आणि सुरकुती सर्वांत आधी तिथेच येते. देठाचा तुकडा हिरवा व ओलसर असावा आणि सारख्याच आकाराच्या दोन काकड्यांपैकी जड लागेल ती घ्यावी. पहाटे तोडलेल्या गावरान काकडीच्या अंगावरची बारीक, किंचित खरखरीत लव बोटांना जाणवते आणि कधीकधी टोकाला सुकलेले फूलही चिकटलेले असते. ही खूण कोणत्याही चकाकीपेक्षा भरवशाची आहे.

मोठी काकडी घेतली की पैसे वसूल झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पोट सुटलेल्या, पिवळसर झाक आलेल्या काकडीत बिया निबर झालेल्या असतात, गर भुसभुशीत होतो आणि साल इतकी जाड होते की निम्मी काकडी सोलण्यातच जाते. रंगाचा निकष मात्र सरसकट लावू नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘हिमांगी’ जातीची फळे मुळातच पांढरी असतात. ती जून समजून बाजूला सारणे हे अज्ञानच होय. तसेच, काकडी वाकडी असली म्हणजे ती चवीला वाईट असते असेही नाही. परागीभवन नीट झाले नाही की फळ वाकते किंवा एका बाजूने बारीक राहते. कोशिंबिरीसाठी अशी काकडी खुशाल घ्यावी, बहुधा ती स्वस्तही मिळते.

साठवणीतील चूक अधिक महाग पडते. काकडीला साधारण १० ते १२ अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर दमट हवा लागते. घरातला फ्रिज मात्र ४ अंशांच्या आसपास असतो आणि त्याच्या मागच्या बाजूला त्याहूनही जास्त थंडी असते. तिथे काही दिवस राहिलेल्या काकडीच्या सालीवर पाणथळ डाग व बारीक खड्डे पडतात, आणि बाहेर काढल्यावर ती झपाट्याने चिकट होते. आपण दोष भाजीवाल्याला देतो. खरे कारण थंडीची इजा हे असते. उलट, एप्रिल-मे महिन्यांतल्या नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ओट्यावर उघडी ठेवलेली काकडी लवकरच मलूल होते. यातला व्यवहार्य मार्ग असा, की आणलेली काकडी न धुता, कोरडी पुसून सुती कापडात गुंडाळावी, सैल तोंडाच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. आठवड्याची बेगमी करण्याची ही भाजी नव्हे. धुऊन ओलीच ठेवलेली काकडी तर हमखास बुळबुळीत होते.

त्याच कप्प्यात पिकलेले टोमॅटो, केळी, आंबे किंवा सफरचंदे असतील, तर काकडी आणखी लवकर पिवळी पडते, कारण ही फळे इथिलीन हा फळे पिकवणारा वायू सोडतात आणि काकडी त्याला फार संवेदनशील असते. त्यामुळे तिला या फळांपासून दूर ठेवावे.

आता कडूपणाविषयी. काकडीचे टोक कापून ते कापलेल्या जागी घासायचे आणि पांढरा फेस आला की कडूपणा निघाला असे मानायचे, ही रीत घरोघरी आहे. काकडीला कडू करणारी कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये देठाच्या बाजूला आणि सालीलगत जास्त असतात. म्हणून देठाकडचा भाग जरा सढळ हाताने कापून टाकल्याने आणि साल काढल्याने खरा फायदा होतो, घासण्याने फारसा नाही. त्यानंतर एक चकती चाखूनच उरलेली काकडी चिरावी. ती जहाल कडू लागली, तर साखर, दही किंवा फोडणी यांनी चव झाकू नये. शिजवल्यानेही हा कडूपणा जात नाही आणि अशी काकडी खाल्ल्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. ती सरळ टाकून द्यावी. झाडाला पाण्याचा ताण पडला किंवा ऊन फार वाढले की कडूपणा वाढतो, त्यामुळे उन्हाळ्यात ही चाखणी विशेष महत्त्वाची असते.

लोणचे किंवा खारवलेली काकडी करणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाकडे लक्ष द्यावे. फुलाकडच्या टोकाशी असलेल्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) मुरताना काकडी मऊ पडते, म्हणून तिथली पातळ चकती कापून टाकावी आणि लोणच्यासाठी शक्यतो त्याच दिवशी तोडलेली काकडी वापरावी.

कोशिंबीर पाणचट होण्याची तक्रार तर नेहमीचीच आहे. मीठ लागताच काकडीला पाणी सुटते. म्हणून मीठ आणि दही पानावर वाढण्याच्या वेळीच घालावे, दाण्याचे कूट आधी मिसळून ठेवले तरी चालते. खमंग काकडीसाठी काकडी किसू नये, चोचवावी (सुरीने घाव घालत बारीक चिरावी), म्हणजे तिचा करकरीतपणा टिकतो. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी ती हलक्या हाताने पिळावी आणि मगच कूट, ओले खोबरे, लिंबू व जिरे-मिरचीची तुपातली फोडणी घालावी. पिळून निघालेले पाणी मोरीत ओतू नये. त्यात मीठ असतेच, तेव्हा त्याच पाण्यात थालीपिठाची भाजणी भिजवावी आणि वरून मीठ बेतानेच घालावे. घरात एखादी जून काकडी उरली असेल, तर तिच्या बिया काढून तीही त्या पिठात किसून घालता येते.