ग्रीक इतिहास डोक्यात बसवायचाय? आधी शहरं पकडा, राजे-देव नंतर

प्राचीन ग्रीस वाचायला घेतलं की बरेच जण आठवड्याभरात गळपटतात, कारण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. कोणी झ्यूसची वंशावळ पाठ करायला बसतं, कोणी थेट अलेक्झांडरवर उडी मारतं, आणि मग पन्नास नावं, वीस लढाया, दोन-तीन पर्शियन सम्राट या सगळ्याचा असा काला होतो की कोण कोणाच्या बाजूने होतं तेच कळेनासं होतं. त्यात सालं उलटी चालतात, म्हणजे ४९० आधी आणि ४८० नंतर, त्यामुळे अजून घोळ.

एक गोष्ट पहिल्यांदा पक्की करा, त्या काळात ग्रीस नावाचा एक देशच नव्हता. शेकडो छोटी छोटी स्वतंत्र नगरराज्यं होती, प्रत्येकाचे कायदे वेगळे, सैन्य वेगळं, महिन्यांची नावंसुद्धा वेगळी. भाषा एक, देव तेच, ऑलिंपियाला खेळायला सगळे एकत्र जमायचे (पहिल्या ऑलिंपिकचं परंपरेने मानलेलं साल इ.स.पू. ७७६) आणि घरी परतले की पुन्हा एकमेकांच्या उरावर. त्यामुळे वाचताना "ग्रीकांनी असं केलं" हे वाक्य आलं की लगेच विचारायचं, कुठल्या ग्रीकांनी? हा एक प्रश्न सवयीचा झाला की अर्धं काम झालं.

आधी नकाशा, तोही हाताने काढलेला

छापील नकाशा बघून काही होत नाही, कोऱ्या कागदावर वाकडातिकडा का होईना पण स्वतः काढा. खाली पेलोपोनीजचा पंजासारखा भाग, त्यात दक्षिणेला युरोटास नदीच्या खोऱ्यात स्पार्टा, ईशान्येला अर्गोस. पेलोपोनीज वरच्या भागाला जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे तिथे कोरिंथ, दोन्ही समुद्रांवर बंदरं असलेलं, म्हणून व्यापारात गब्बर. पट्टी ओलांडून पूर्वेला अॅटिका, तिथे अथेन्स आणि त्याचं बंदर पिरेयस. अॅटिकाच्या डोक्यावर बिओशिया, तिथे थीब्ज. अजून वर थेसली, त्याच्याही वर मॅसिडोनिया. आणि एजियन समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, मिलेटससारखी आयोनियातली ग्रीक शहरं, जी पर्शियाच्या ताब्यात गेली होती.

एवढं काढलं की लढाया आपोआप जागेवर बसतात. थर्मोपिलीला लढाई का झाली, तर थेसलीकडून खाली यायच्या रस्त्यावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी तिथे जेमतेम वाट होती. आज तिथे गेलात तर समुद्र बराच मागे हटलेला दिसेल, चांगलं ऐसपैस मैदान आहे, त्यामुळे फोटो बघून "इथे कसं काय अडवलं" असं वाटू शकतं.

प्रत्येक शहराचं एक कार्ड करा

कार्डावर चारच गोष्टी लिहायच्या, राज्य कसं चालायचं, कायमचा शत्रू कोण, दोन-तीन माणसं, आणि शहराची दंतकथा. दंतकथाही कार्डावरच, का ते पुढे येईलच.

स्पार्टाचं कार्ड सगळ्यात भन्नाट होतं. एकाच वेळी दोन राजे, दोन वेगळ्या घराण्यातले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला दरवर्षी निवडलेले पाच एफर. मुलगा सात वर्षांचा झाला की घरातून उचलून प्रशिक्षणात. पण हे सगळं शौर्याचं वेड म्हणून नव्हतं, त्यामागे भीती होती. शेजारचा मेसेनिया जिंकून तिथल्या लोकांना यांनी हेलट बनवलं होतं, म्हणजे जमिनीला बांधलेले गुलाम, आणि ते स्पार्टन नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त होते. दरवर्षी एफर या हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करायचे, म्हणजे एखाद्याला मारलं तरी पाप लागायला नको! स्पार्टा सैन्य बाहेर पाठवायला सारखी का कूं करायची त्याचंही कारण हेच, घर रिकामं सोडलं तर मागे काय होईल सांगता येत नाही. हे कळल्याशिवाय स्पार्टा कळत नाही, नुसत्या लाल झग्यांवर आणि ढालींवर भाळू नका.

अथेन्सचं कार्ड लांब होईल. ड्रेकोचे कडक कायदे, मग इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोन, त्याने कर्जापायी गुलाम व्हायची पद्धत बंद केली, मग पिसिस्ट्रेटसची हुकूमशाही, आणि ५०८ मध्ये क्लेस्थेनिसच्या सुधारणा, लोकशाही म्हणतात ती इथून. (बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यात नव्हते, हे कार्डावर ठळक लिहा.) एक मजेदार प्रकार म्हणजे ऑस्ट्रसिझम, वर्षातून एकदा लोक खापराच्या तुकड्यावर नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खरवडून टाकायचे आणि ज्याचा नंबर लागेल तो दहा वर्षं शहराबाहेर, गुन्हा काही नसला तरी. अॅक्रोपोलिसजवळच्या (अथेन्सची टेकडीवरची गढी) एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या खापऱ्यांचा ढीग सापडला, आणि अक्षर बघितलं तर ते मोजक्याच लोकांच्या हातचं, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून वाटायला तयार ठेवलेल्या. राजकारण तेव्हाही असंच!

थीब्जचं कार्ड आत्ता निम्मं रिकामं ठेवा, ते पुढे भरतं. कोरिंथ आणि अर्गोसला दोन-दोन ओळी पुरे, कोरिंथ स्पार्टाच्या गोटातलं श्रीमंत शहर आणि अर्गोस स्पार्टाचं जन्मजात वैरी.

सालं पाठ करायची तर फक्त सहा

४९०, ४८०, ४३१, ४०४, ३७१, ३३८. सगळी इ.स.पू. बाकीची या खुंट्यांना अडकवायची.

४९० म्हणजे मॅरेथॉन. आयोनियातल्या शहरांनी पर्शियाविरुद्ध बंड केलं, अथेन्सने त्यांना जहाजं पाठवली, पर्शियाच्या ताब्यातलं सार्डिस शहर जळलं, म्हणून सम्राट दारियस चिडला. मैदानात अथेन्स आणि छोटं प्लॅटिया एवढेच होते, सेनापतींत मिल्टायडीस. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या मते अथेन्सचे १९२ मेले आणि पर्शियाचे ६४००. धावणाऱ्या फिडिपिडीसची गोष्ट मात्र जरा तपासून घ्या, हेरोडोटस सांगतो की तो लढाईच्या आधी मदत मागायला स्पार्टाला धावला, सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. "आपण जिंकलो" म्हणून अथेन्समध्ये कोसळणारा धावपटू कित्येक शतकांनंतरच्या लेखकांकडून आलाय. आणि स्पार्टा? त्यांचा धार्मिक नियम होता, पौर्णिमेशिवाय निघता येत नाही. आले ते लढाई संपल्यावर, प्रेतं बघितली, शाबासकी दिली आणि परत गेले.

४८० मध्ये दारियसचा मुलगा झर्क्सिस आला. थर्मोपिलीवर लिओनिडास आणि ३०० स्पार्टन सगळ्यांना माहीत असतात, पण शेवटच्या दिवशी त्यांच्यासोबत थेस्पिए नावाच्या छोट्या शहराचे ७०० जण स्वतःहून थांबले आणि मेले, त्यांचं नाव कोणी घेत नाही. कार्डावर घ्या.

खरा निकाल त्याच वर्षी अथेन्ससमोरच्या सलामिस बेटापाशी लागला, आणि एकच लढाई नीट वाचायची असेल तर ही वाचा. तीन वर्षं आधी अथेन्सच्या लॉरियमच्या खाणीत चांदीचं घबाड सापडलं होतं. ते माणशी दहा-दहा द्राक्मा वाटून टाकू असं चाललेलं, थेमिस्टोक्लीसने लोकांना पटवलं की जहाजं बांधू, कारण सांगितलं शेजारच्या एजायना बेटाशी असलेल्या भांडणाचं. मग झर्क्सिस आला तेव्हा डेल्फीच्या दैवी कौलात आलं की "लाकडी भिंत" वाचवेल, काही म्हणाले अॅक्रोपोलिसभोवतीचं कुंपण, थेमिस्टोक्लीस म्हणाला जहाजं. शहर रिकामं केलं, पर्शियनांनी ते जाळलं. इकडे बाकीचे ग्रीक पळून कोरिंथच्या पट्टीकडे जायच्या बेतात. तेव्हा थेमिस्टोक्लीसने स्वतःचा नोकर सिकिनस याला गुपचूप शत्रूकडे पाठवून निरोप दिला की ग्रीक पळतायत, आत्ताच कोंडा. झर्क्सिसचं आरमार चिंचोळ्या सामुद्रधुनीत शिरलं, गर्दीत जहाजांना वळताही येईना, आणि सम्राट किनाऱ्यावर आसन मांडून हे सगळं बघत बसलेला. प्रत्येक ट्रायरीममध्ये, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांच्या युद्धनौकेत, १७० वल्हेकरी, बहुतेक गरीब नागरिक, आणि पुढे अथेन्सच्या लोकशाहीत याच लोकांचा आवाज वाढला, शहर आपण वाचवलं हे त्यांना माहीत होतं ना. थेमिस्टोक्लीसचं काय झालं? त्याच अथेन्सने त्याला खापऱ्या टाकून हाकललं आणि तो शेवटी पर्शियाच्या दरबारात नोकरीला लागला.

पुढच्या वर्षी, ४७९ ला, प्लॅटियाच्या मैदानात जमिनीवरची लढाई स्पार्टाच्या पुढारपणाखाली जिंकली आणि पर्शियाची स्वारी संपली.

४३१ ते ४०४ अथेन्स विरुद्ध स्पार्टा, पेलोपोनेशियन युद्ध. कारण लक्षात ठेवायचं तर पैसा बघा, पर्शियाविरुद्ध केलेल्या डेलोसच्या संघाची वर्गणी हळूहळू अथेन्सची खंडणी झाली, तिजोरी ४५४ मध्ये उचलून अथेन्सला आणली, आणि अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या काळात अथीनाचं मंदिर पार्थेनॉन उभं राहिलं. मित्रशहरं मनातून जळायला लागली आणि स्पार्टा धास्तावली. युद्धात पेरिक्लीसने सगळ्यांना तटबंदीच्या आत घेतलं, तिथे साथ आली, ४२९ मध्ये तो स्वतःही गेला. मग ४१५ ला सिसिलीवर स्वारी, दोन वर्षांत सगळं आरमार आणि सैन्य साफ. तरी अथेन्स अजून नऊ वर्षं तग धरून होतं हे मला विजयांपेक्षा जास्त थक्क करतं. शेवटी स्पार्टाचा सेनापती लायसॅंडर याने ४०५ मध्ये इगोस्पोटामीला किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजं पकडली, काळ्या समुद्राकडून येणारं धान्य बंद, नाक दाबलं की तोंड उघडतं. आणि लायसॅंडरच्या आरमाराला पैसा कोणाचा? पर्शियाचा. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

३७१ ला आता थीब्जचं कार्ड भरा. ल्यूक्ट्राला एपॅमिनाँडसने डावी बाजू ५० रांगा खोल केली आणि जी स्पार्टा मैदानात हरत नाही असं सगळे धरून चालायचे तिला पाणी पाजलं, राजा क्लिओम्ब्रोटससकट. पण मर्मावरचा घाव नंतरचा, त्याने मेसेनियाच्या हेलटांना मोकळं केलं. स्पार्टा पुन्हा उठली नाही. त्याच सुमारास थीब्जमध्ये ओलीस म्हणून एक मॅसिडोनियन राजपुत्र राहून गेला, फिलिप. ३३८ मध्ये किरोनियाला त्यानेच थीब्ज आणि अथेन्सला एकत्र हरवलं, सोबत अठरा वर्षांचा मुलगा अलेक्झांडर. पुढचं त्याचं वेगळं कार्ड करा, ग्रॅनिकस ३३४, इसस ३३३, गॉगमेला ३३१, झेलमकाठी पोरसशी ३२६, बॅबिलोनमध्ये मृत्यू ३२३. हे बऱ्याच जणांना आधीच माहीत असतं म्हणून जास्त वेळ घालवत नाही.

आणि देवांचं काय

दंतकथा वेगळ्या वहीत ठेवू नका, त्या त्या शहराच्या कार्डावरच लिहा. अथेन्सला अथीना आणि पोसायडनची स्पर्धा, तिने ऑलिव्हचं झाड दिलं आणि जिंकली, शिवाय मिनोटॉरला मारणारा थिसियस. थीब्जला कॅडमस आणि इडिपस. मायसीनीला ॲगमेम्नॉन, स्पार्टाला मेनेलॉस आणि हेलन, कोरिंथला सिसिफस आणि मेडियाची गोष्ट. याचं कारण असं की ग्रीक लोक या कथा राजकारणात वापरायचे. स्पार्टाचे राजे स्वतःला हेराक्लीसचे वंशज म्हणवायचे. टिजिया शहराशी लढताना हार खात होते तेव्हा कौल आला म्हणून त्यांनी ॲगमेम्नॉनच्या मुलाची, ओरेस्टिसची म्हणून मानलेली हाडं तिथून चोरून आणली. अथेन्सच्या सायमनने स्कायरॉस बेट जिंकल्यावर थिसियसची हाडं वाजतगाजत आणली, म्हणजे बेट बळकावलं ते पुण्यकर्मात जमा.

ट्रोजन युद्धाला साल चिकटवायच्या भानगडीत पडू नका. आणि इलियडमध्ये लाकडी घोडा शोधत बसू नका, त्यात दहाव्या वर्षातले काही आठवडेच आहेत, हेक्टरच्या अंत्यसंस्काराला काव्य संपतं, अकिलीस तेव्हा जिवंत आहे.

नावांचे सापळे एका कोपऱ्यात लिहून ठेवा. पॉसेनियस तीन, प्लॅटियाला जिंकलेला स्पार्टन, फिलिपचा खून करणारा, आणि रोमन काळातला प्रवासवर्णनकार. एफियाल्टीस दोन, थर्मोपिलीचा फितूर आणि अथेन्सचा सुधारक. एजॅक्सही दोन. आर्टेमिसियम ही जागा, तर आर्टेमिसिया ही पर्शियाच्या बाजूने सलामिसला लढलेली राणी. हर्क्युलीस आणि युलिसिस ही रोमन नावं, माणसं तीच, हेराक्लीस आणि ओडिसियस.

जमलं का हे बघायचं असेल तर कार्डं बाजूला ठेवून अल्सिबियाडीसचं आयुष्य सांगून बघा. अथेन्सचा सेनापती म्हणून सिसिलीला निघाला, मूर्ती फोडल्याच्या प्रकरणानंतर धर्मभ्रष्टतेच्या खटल्यासाठी परत बोलावल्यावर स्पार्टाला पळाला, तिथून पर्शियन क्षत्रपाकडे, मग पुन्हा अथेन्सच्या आरमारात, आणि ४०४ मध्ये फ्रिजियात खून. प्रत्येक उडीला तो तिकडेच का गेला आणि त्यांनी त्याला का घेतलं हे कार्ड न बघता सांगता आलं तर झालं. पर्शियाच्या उडीवर अडकलात तर लायसॅंडरचा परिच्छेद परत वाचा.