ऑपरेशनची तारीख मिळाली? मग दारूचा हिशेब आजच मांडा

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात यादी सुरू होते. रिपोर्टची फाईल, रजेचा अर्ज, रात्री सोबत कोण थांबणार. दारूचा विषय त्या यादीत सहसा येत नाही, आणि आलाच तर "आदल्या रात्री घेऊ नका म्हणे" एवढ्यावर मिटतो. पण एका रात्रीनं भागत नाही. ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल तर किमान ४ आठवडे दारू पूर्ण बंद ठेवावी, असा सल्ला दिला जातो.

एवढे आठवडे कशाला? पेगचा अंमल काही तासांत उतरतो, पण रोजच्या पिण्यानं शरीरात झालेले बदल तितक्या लवकर मागे फिरत नाहीत. प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, त्यामुळे जखमेत पू होण्याची आणि न्यूमोनियाची भीती वाढते. प्लेटलेट कमी झालेल्या असतील तर रक्त लवकर थांबत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. १९९९ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ४२ जणांवर एक चाचणी केली. हे सगळे रोज किमान ६० ग्रॅम अल्कोहोल पिणारे, पण लिव्हरचा आजार नसलेले. ज्यांची दारू महिनाभर आधी बंद केली त्यांच्यापैकी ३१ टक्के जणांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली. ज्यांनी पिणं चालू ठेवलं त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होतं. चाचणी छोटी होती खरी, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

आधी मोजा

"कधीतरी घेतो", "नुसती बिअर घेतो" या उत्तरांचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय आणि किती घेतलं ते लिहून काढा. मग सोपं गणित: मिलिलिटर गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर येतं ते शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा एक पेग म्हणजे सुमारे १९ ग्रॅम. ५ टक्क्यांची ६५० मिलीची बिअर म्हणजे जवळपास २६ ग्रॅम, म्हणजे "नुसती बिअर" पेगपेक्षा जडच निघाली. असे तीन पेग झाले की तुम्ही त्या चाचणीतल्या ६० ग्रॅमच्या आसपास पोचता. घरी ग्लासात अंदाजानं ओतत असाल तर एकदा मापानं ओतून पाहा. अंदाज बहुधा कमीच निघतो.

तोच आकडा भूलतज्ज्ञांना सांगा

सर्जनना सांगितलं म्हणजे भूलतज्ज्ञांनाही कळलं, असं धरून चालू नका. रोज पिणाऱ्याला भुलीच्या आणि झोपेच्या औषधांचा डोस वेगळा लागू शकतो, आणि नंतर कशावर लक्ष ठेवायचं हेही त्यांना आधीच ठरवावं लागतं. घरच्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर "मला एकट्यानं बोलायचंय" म्हणा. ही विनंती त्यांच्यासाठी नवी नसते.

झटक्यात बंद करू नये ते कोणी

इथे घाई अंगाशी येते. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, उताऱ्याशिवाय दिवस सुरू होत नाही, पूर्वी दारू सोडताना फिट आली होती किंवा भास झाले होते, यातलं काहीही लागू असेल तर स्वतःच्या जिवावर एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत घाम, थरथर, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तीव्र भ्रम होतो, ताप चढतो, माणूस ओळखी विसरतो. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो. अशांनी आधी फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देऊन हे काही दिवसांत सुरक्षितपणे करता येतं.

ते चार आठवडे

घरातली बाटली काढून टाका. "ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी बंद सांगितलीय" यासारखं सबळ कारण पुन्हा मिळणार नाही. मित्र आग्रह करत नाहीत. रोजच्या पिण्याच्या वेळेला दुसरं काहीतरी ठरवून ठेवा, कारण ओढ बहुतेकदा त्याच तासाला येते.

कुणाला सोडण्यासाठी गोळ्या दिल्या जातात. डायसल्फिराम चालू असेल तर दारू असलेलं खोकल्याचं औषधही त्रास देऊ शकतं, तेव्हा लेबल वाचा. नाल्ट्रेक्सोन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण ते मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखतं. ते ऑपरेशनच्या किती आधी थांबवायचं हे डॉक्टरच ठरवतील.

मध्येच एखाद्या दिवशी घेतली गेली तर तारीख लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. हातात दोनच आठवडे उरले असतील तरी आजपासून थांबवा. चारच हवेत म्हणून दोन वाया घालवण्यात अर्थ नाही.

आदला दिवस

झोप लागावी म्हणून "थोडीशी" नको. उपाशी राहण्याच्या सूचनांमध्ये भुलीच्या २ तास आधीपर्यंत पाणी चालतं असं बऱ्याचदा सांगतात. त्यात दारू बसत नाही, पाण्यासारखी दिसणारी व्होडकासुद्धा नाही. तरीही घेतलीच असेल तर टेबलावर जाण्याआधी सांगा. ऑपरेशन फार तर पुढे ढकललं जाईल.

ऑपरेशन तातडीचं असेल तर चार आठवडे मिळणारच नाहीत. तेव्हा सोबत आलेल्या माणसाला दोन गोष्टी माहीत हव्यात: रोज किती आणि शेवटची कधी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण बडबडू लागला, सलाईन ओढू लागला, तर हीच माहिती वॉर्डातल्या डॉक्टरांना लगेच दिशा देते.

घरी परतल्यावरही वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्या चालू असेपर्यंत दारू नको; दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. पुढचं काय, ते टाके काढायला जाल तेव्हा विचारा.