गुळवेल घेताय? या चुका टाळा

गुळवेलीच्या काढ्यातली पहिली चूक पातेलं गॅसवर चढण्याआधीच झालेली असते. वेलच दुसरी निघते.

माझंही झालंय. ओळखीच्या एकांनी प्रेमाने हातभर कांडं दिलं. पानं हृदयाच्या आकाराची, मग शंका कशाला? सोलायला बसले तर बोटांना पांढरट चीक लागला. आत्याने कांडं हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं आणि बाजूला ठेवून दिलं. "अगं, गुळवेलीवर ठिपके असतात. एवढ्या टपोऱ्या गाठी कुठल्या?"

ती बहुधा टिनोस्पोरा क्रिस्पा होती, गुळवेलीची चुलत बहीण. खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची वरची साल कागदासारखी पातळ. नखाने खरवडली की सुटते आणि आत हिरवंगार दिसतं. कांडं आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. ‘चक्रलक्षणिका’ हे तिचं संस्कृत नाव त्यावरूनच पडलं. फळं गोल आणि लाल. क्रिस्पाची फळं लांबट, नारिंगी, आणि कांडं करड्या रंगाचं, गाठीगाठींचं. पानं मात्र दोघींचीही हृदयाकृती, म्हणून नुसतं पान बघून वेल तोडू नका. खात्री नसेल तर जाणकार वैद्याला कांडं दाखवा.

दुसरी चूक मापाची. ‘बोटभर कांडं’ म्हणतात, पण बोट कुणाचं? भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम गुळवेल. हे दिवसाचं माप, आणि दोन्हींपैकी एकच घ्यायचं. प्रत्यक्षात लोक सकाळी काढा, दुपारी बाटलीतला रस आणि रात्री घनवटी घेतात. घनवटी म्हणजे काढाच आटवून केलेली गोळी. एकच औषध तीन वाटांनी पोटात जातं आणि बेरीज कुणीच करत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे थांबायचंच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोविडसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गुळवेल घनवटी ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १५ दिवस किंवा महिनाभर असं होतं. मुदत लोक विसरले, गोळी लक्षात राहिली. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अभ्यासावर घेतला. आक्षेप रास्त आहे. पण घरात काढा उकळणारा तरी कुठे ओळख पटवतो?

या रुग्णांपैकी बऱ्याच जणांमध्ये ऑटोइम्यून हेपेटायटिससारखं चित्र दिसलं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते, हाच तिचा गुण सांगितला जातो. तेव्हा ऑटोइम्यून थायरॉइड, संधिवात (ऱ्हुमॅटॉइड), ल्युपस, सोरायसिस असणाऱ्यांनी किंवा यकृताचा जुना आजार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी तर नाहीच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर जाणवली तर लगेच साखर तपासा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना प्रयोग नकोत.

म्हणजे ती निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. जुनाट तापासाठी आयुर्वेदात तिला मान आहे. ॲलर्जीच्या सर्दीवर ७५ रुग्णांमध्ये ८ आठवडे चाचणी झाली होती, त्यात शिंका आणि नाक गळणं बऱ्याच जणांचं कमी झालं. पण डेंग्यूत ‘प्लेटलेट वाढतात’ म्हणून घरीच काढा पाजत बसणं धोक्याचं. आजार ओसरताना प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआप वर येतात आणि श्रेय काढ्याला जातं. तेवढ्यात पोटात जोरात दुखणं, सततच्या उलट्या किंवा रक्तस्राव यांसारख्या धोक्याच्या खुणा दिसल्या तर तडक दवाखाना गाठा.

आता काही बिघडलंच तर. जेवणावरची वासना उडणं, मळमळ, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं की त्या क्षणी सगळं बंद करा. ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय’ असं कुणी सांगेल, ऐकू नका. एसजीपीटी आणि बिलिरुबिनसह यकृताची तपासणी करून घ्या. डॉक्टर ‘काही औषध घेता का?’ विचारतात तेव्हा आपण हटकून ‘नाही’ म्हणतो, कारण काढा आपल्या हिशेबात औषध नसतोच. म्हणून सोबत डबी, बाटली आणि ताजी वेल असेल तर तिचं कांडंही न्या. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्या वेळी यकृताचा त्रास लवकर आणि जोरात उलटू शकतो.