जुन्या क्ले चिप्स धुताना या चुका टाळा

चिप्स म्हणजे कॅसिनोत पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्या. कॅसिनोत वापरलेल्या चिप्सवरचा काळपट थर म्हणजे हातांचं तेल, घाम आणि टेबलावरच्या कापडाची भुकटी. तो साबणाने निघतो. घाईत झिजवलेली कड मात्र परत येत नाही, आणि जुन्या क्ले चिपची खरी किंमत त्या कडेत असते.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पांढरा मेलामाइन स्पंज, म्हणजे 'मॅजिक इरेजर'. हाताला मऊ लागतो, पण काम करतो अगदी बारीक सँडपेपरचं. चिप झटकन चकचकीत होते आणि नवशिक्या खूश होऊन पूर्ण रॅक (चिप्स ठेवायचा ट्रे) घासून काढतो. वीस चिप्सची चळत रचून दिवा बाजूने धरला की काय गेलं ते कळतं. धारदार कडांच्या चळतीत दोन चिप्समध्ये केसाएवढी रेघ दिसते, घासलेल्या चळतीत खाच. वरची बारीक जाळीदार नक्षीही गुळगुळीत झालेली असते. तारेची घासणी आणि टूथपेस्टचंही हेच.

दुसरी चूक भिजत घालण्याची. बादलीभर कडकडीत गरम पाणी, त्यात डाग काढायची पावडर आणि दोनशे चिप्स रात्रभर. सकाळी पाण्याला रंग आलेला असतो, लाल चिपच्या कडेचे पांढरे ठिपके गुलाबी पडलेले असतात आणि इनलेच्या (चिपच्या मधोमध बसवलेल्या छापील चकतीच्या) कडेखाली पाणी शिरून तो उचललेला असतो. काही चिप्स वाकतात; सपाट टेबलावर ठेवून टिचकी मारली की भिंगरीसारख्या फिरतात. नावात क्ले असलं तरी चिप म्हणजे दाबून घडवलेलं मिश्रण. वर चिनीमातीसारखी झिलई नसते, त्यामुळे पाणी आणि उष्णता दोन्ही सहन होत नाहीत.

भिजवायचा तो ब्रश. लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे पाच-सहा थेंब पुरतात. मऊ टूथब्रशने एक बाजू, मग दुसरी, मग चिप बोटांत फिरवत कड. प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद. लगेच साध्या पाण्याखाली धरायची आणि टॉवेलवर टिपायची. वीस झाल्या की पाणी बदला, नाहीतर पुढच्या चिप्सवर मागचाच मळ फिरतो. पहिली चिप नेहमी सगळ्यात स्वस्त निवडा आणि ती वाळलेली बघूनच पुढे जा.

वाळल्यावर चिप पांढुरकी दिसली की लोक घाबरून पुन्हा धुतात. वरचं तेल गेल्यामुळे ती तशी दिसते. चिप रात्रभर सपाट वाळू द्या. मग कापडावर मिनरल ऑइलचे दोन थेंब घेऊन हलका हात फिरवा आणि काही तासांनी कोरड्या कापडाने पुसा. खाण्याचं तेल कधीच नको, ते चिकट होतं आणि खवट वास धरतं.

डिशवॉशर आणि हेअर ड्रायर: नको.

असिटोन आणि स्पिरिट: हॉट स्टॅम्पची, म्हणजे गरम ठशाने दाबून उमटवलेली, सोनेरी अक्षरं पुसतात.

ओल्या चिप्स रॅकमध्ये भरणं: एकमेकींचा रंग धरतात.

जुन्या काही चिप्समध्ये वजनासाठी शिसं असतं. म्हणून हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि वापरलेला ब्रश पुन्हा दातांना लावू नका.