आठव्या दिवशी काट्यावर 72

बॉडीबिल्डिंग स्पर्धेच्या रात्री टॅन, म्हणजे स्टेजसाठी अंगाला लावलेला गडद रंग, धुवायच्या आधीच मी दोन वडापाव संपवले. त्यात काही चुकलं नाही. चुकलं ते पुढच्या सोमवारी.

65 किलो गटात 64.6 ला वजन दिलं होतं. आठव्या दिवशी काटा 72 दाखवत होता. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, मोजा काढला की इलॅस्टिकचा खोल वळ. वाटलं, सगळी मेहनत चरबीत गेली. आता हिशोब करा: आठ दिवसांत सात किलो चरबी चढवायची तर रोज गरजेपेक्षा साडेसहा हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. एवढं मीही खाल्लं नव्हतं! बरंचसं ते पाणीच होतं. रिकाम्या स्नायूंत ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, परत भरतं, त्याच्या ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी येतं. त्यात स्पर्धेआधी तोडलेलं मीठ फरसाण-पापडासकट एकदम सुरू केलेलं.

हे सांगायला कोणी नव्हतं. स्पर्धेपर्यंत तासातासाला फोटो मागणारा कोच आता मेसेज बघून गप्प. स्पर्धेनंतरच्या आठवड्याचा आहार जो आधीच लिहून देत नाही, त्याला फी देऊ नका, हे माझं स्पष्ट मत. जिममधल्या एकाने पाणी काढायची गोळी पुढे केली. तिला हात लावू नका. पोटॅशियम बिघडलं की हृदयाचे ठोके बिघडतात, जीवावर बेततं.

गोळी घेतली नाही, पण घाबरून पुन्हा कटिंग, म्हणजे चरबी उतरवायचं कमी खाणं, सुरू केलं. दिवसभर काकडी आणि अंड्याचा पांढरा, रात्री अकराला आईने झाकून ठेवलेला भात उभ्याउभ्या टोपातूनच. दीड महिना हेच. लाज वाटायची. तो हावरटपणा नव्हता. चरबी उतरली की लेप्टिन, म्हणजे पोट भरल्याचा निरोप देणारं हार्मोन, पडतं, आणि पोट भरलं हे डोक्याला कळतच नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे काटा पलंगाखाली ढकला. भाकरी, डाळ, भाजी, चिकन, ठरलेल्या वेळी; मीठ नेहमीइतकंच. आठवड्याला पन्नास-पन्नास कॅलरी वाढवत बसू नका, त्याने उपासच लांबतो. सूज हळूहळू उतरते. दम लागत असेल किंवा एकच पाय सुजला असेल तर मात्र सरळ डॉक्टर गाठा. मग ऑफ-सीझनला, म्हणजे स्पर्धा नसतानाच्या महिन्यांत, रोज गरजेपेक्षा दोन-तीनशे कॅलरी जास्त, महिन्याला किलोभर वजन. पोटावरच्या रेषा जातील. जाऊ द्या.

आणि स्टेजवरचा फोटो मोबाइलच्या वॉलपेपरवरून काढा. मी काढेपर्यंत मे उजाडला होता.